हेव्याचा कागद

सोमवार, ३ नोव्हेंबर

लागले एकदाची कामाला! काळा कोट नवाकोरा, खांद्यांत जरा सैल. आई म्हणाली होती, राहू दे, अंगानं भरशील. ऑफिस चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद, पण टेबल खिडकीशी मिळालंय आणि ड्रॉवरला चक्क किल्ली आहे. नव्या वकिलांना इथे सहा आठवडे शिकवतात. मसुदा कसा लिहायचा, पक्षकाराला बोलतं कसं करायचं, न्यायाधीशांसमोर गप्प कधी बसायचं, सगळं. आम्ही दोघीच आहोत. शेवटी एकीलाच कायम करणार. प्रशिक्षण बघणाऱ्या बाई हे सांगताना इतक्या गोड हसल्या, जणू दोघींना खाऊच वाटत होत्या.

संध्याकाळी आईला फोन केला. तिला टेबलापासून किल्लीपर्यंत सगळं ऐकायचं होतं. बाबा गेल्यापासून तिला मी आणि मला ती, एवढाच आमचा गोतावळा. मी नव्या गावात खोली घेतल्यापासून एकही संध्याकाळ फोनशिवाय गेलेली नाही. मी कायम झाले की तिला इकडेच आणणार.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

दुसरी जी आहे, तिचं नाव मी मनातल्या मनात मैना ठेवलंय. कारण तिचा आवाज. आज सभेच्या खोलीत खोटं कोर्ट मांडलं होतं. सिनियर साहेब न्यायाधीश झाले. मैना उभी राहिली, "माझी विनंती आहे" एवढंच म्हणाली आणि साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग मी उठले. माझा आवाज म्हणजे तेल न घातलेलं बिजागर. साहेब मध्येच घड्याळ बघत होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वर ही बया मला येऊन म्हणते, छान बोललीस गं!

दर शुक्रवारी एक कागद भरून द्यायचा असतो. त्यावर एकच प्रश्न: या आठवड्यात जोडीदाराच्या कोणत्या गोष्टीचा हेवा वाटला? बाईंचं म्हणणं, हेवा लपवू नका, आपल्यात काय कमी आहे ते तोच अचूक सांगतो. एकच गोष्ट लिहा, पण खरी लिहा. मला काय, जिभेवरच होतं. लिहिलं, तिचा आवाज. खाली सही ठोकली.

सोमवार, १० नोव्हेंबर

कागद परत आला, वर हिरव्या शाईत शिक्का: मंजूर. मला वाटलं, बाईंची गंमत असेल. पण दुपारी युक्तिवादाला उभी राहिले आणि तोंडातून जे बाहेर पडलं ते ऐकून मीच दचकले. भरदार, स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारं. साहेबांनी पेन खाली ठेवलं! मैना गळ्याला मफलर गुंडाळून बसली होती. शनिवारपासून आवाज बसलाय म्हणे. वाईट वाटलं का? रोजनिशीत खोटं कशाला लिहू, नाही वाटलं.

संध्याकाळी आईनं फोन उचलला आणि विचारलं, कोण बोलतंय? म्हटलं, अगं मीच. मग हसली, सर्दी झालीय का म्हणाली. वाफ घ्यायला सांगितलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मैना डबा घेऊन माझ्याच टेबलाशी येते. घोगऱ्या आवाजात आज सांगत होती की तिची आई तीन वर्षांपूर्वी गेली. घरी आता कुणी नाही. मग माझ्या आईबद्दल खोदून खोदून विचारत बसली. काय स्वयंपाक करते, रागावते कशी, लाडात काय म्हणते. जिन्यात मी आईशी बोलते तेव्हा ही वरच्या पायरीवर उभी असते, हेही आजच लक्षात आलं.

पण आवाज गेला तरी बाईसाहेबांचा तोरा तसाच. कलमं, तारखा, निकाल, सगळं कागद न बघता धडाधड सांगते. लिहिलं, तिची स्मरणशक्ती. तिनं मात्र सलग दुसऱ्यांदा कोरा कागद दिला. भारी साधेपणा दाखवते.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मंजूर. तीनशे पानांचा दावा एकदा वाचला आणि पानासकट पाठ. साहेबांनी पाठ थोपटली. मैना आपला बसचा नंबर तळहातावर लिहून ठेवते आता.

एकच खटकतं. जे माझं नाही तेही आठवतं. हॉस्पिटलचा लांब वॉर्ड, खाट क्रमांक अकरा. उशीवर एका बाईचा चेहरा, ओठ कोरडे. मी त्या बाईला कधीच पाहिलेलं नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

या वेळी लिहिलं, तिचा शांतपणा. तो तेवढा उरलाय तिच्याकडे. कागद द्यायला गेले तर बाईंच्या टेबलावर तिचा कागद पडलेला. पहिल्यांदाच भरला होता. एकच शब्द होता: आई.

मला हसू आलं. मग हसू थांबलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

आई फोन उचलत नाही. काल नाही, आज नाही. शेजारच्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, आहे की घरी, मघाशीच लेकीशी फोनवर बोलत होती.

मी तर बोललेच नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आज उचलला. म्हणाली, राँग नंबर. मी कळवळून सांगत राहिले — मी गं, मी — तर तिनं समजूत घातली की बाई, तुम्हाला कुणी दुसरी हवी असेल, माझी मुलगी आत्ता दुसऱ्या फोनवर थांबलीय.

जिन्यात मैना उभी होती. फोन कानाला. घोगऱ्या आवाजात डब्यात काय होतं ते सांगत होती. कुणाला तरी आई म्हणत होती.

शांतपणा मला मिळालाय, शिक्का आहे कागदावर. मग दर पाच मिनिटांनी आईचा नंबर का फिरवतेय मी?

बुधवार, २६ नोव्हेंबर

आई ऑफिसात आली. चार मजले चढून, धापा टाकत, हातात स्वेटर. मी धावले. ती माझ्या अंगावरून पुढे गेली — मैनाच्या गालावर हात ठेवला — वाळलीस किती म्हणाली.

मग माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही हिच्याबरोबरच असता ना, ही वेळेवर जेवते का?

तुम्ही. मला. माझ्या आईनं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

कागदावर लिहिलं: आई. इतकं दाबून की कागद फाटला. मैनानं माझा हात धरला. रडत होती. म्हणाली, हे नको लिहूस, मागची बाजू वाच आधी. मी हात झटकला. घाबरलीय, दुसरं काय! घेताना नाही घाबरली ती. आता माझी आई मला परत मिळणार म्हटल्यावर मिरच्या झोंबल्या. बाईंच्या हातात कागद नेऊन दिला.

सोमवार, १ डिसेंबर, सकाळ

मंजूर! मंजूर!

आईला फोन केला. राँग नंबर.

पुन्हा केला. राँग नंबर.

कागद उलटला. मागे बारीक अक्षरात — जोडीदारानं तुमच्याकडून घेतलेलं परत मिळणार नाही. जोडीदाराचं जे मुळातलं स्वतःचं, तेच मिळेल.

चार आठवडे पक्षकारांना सांगतेय, वाचल्याशिवाय सही करू नका. चार सह्या केल्या मी. एकदाही कागद —

त्याच दिवशी, दुपार

साहेबांनी बोलावलं. दोन आठवडे आधीच निर्णय. मला कायम केलं. टाळ्या. मी थेट खोलीवर आले. कुलूप काढलेलं. दार लोटलेलं.

आत कुणीतरी केर काढलाय. गादीची चादर ताणून बसवलीय, हॉस्पिटलात बसवतात तशी.

त्याच दिवशी, तीन वाजता

तीच. खाट अकरावरची. ओठ कोरडे. उशीर का झाला, विचारतेय. बाळा म्हणतेय मला.

दार दोन पावलांवर आहे. मी उठत नाही. का उठत नाही —

दहा दिवसांत मला कुणी बाळा म्हटलेलं नाही.

माझ्या मागे येऊन उभी राहिली. केसांवरून हात फिरवतेय. बर्फासारखा. मान हलवली नाही मी. देवा — बरं वाटतंय. मैनाला कळलं तर जळून खाक होईल. होऊ दे. तिची आहे ना ही, तिची सख्खी — आता माझी —

म्हणतेय, एकदा हाक मार, म्हणजे मी जाणार नाही. कधीच नाही.

कधीच —

मारते. एकदाच. आ