उजाडण्याच्या देशातली बाई

ओल्ड एअरपोर्ट, दोहा
शुक्रवार

प्रिय आई,

येशूच्या कृपेने आम्ही तिघंही बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे?

माझ्या वॉर्डात मार्लीन नावाच्या अमेरिकन बाई आहेत. तिथल्या मूळ लोकांपैकी, वाबानाकी. म्हणजे उजाडण्याच्या देशातली माणसं. ऑपरेशननंतर त्या गुंगीत हळूहळू गात होत्या. बाहेर धुळीनं पिवळं झालेलं ऊन होतं, आणि मला वाटलं, खोलीतून नदी वाहतेय.

शुद्धीवर आल्यावर म्हणाल्या, "ती आमची भाषा. ही भाषा बोलली म्हणून आजीला गोऱ्यांच्या शाळेत मारायचे. तिनं मग माझ्या आईला शिकवलीच नाही. मी पन्नाशीत शिकले, तेव्हा कुठे आतली जखम भरू लागली. तुझी मुलगी घरी काय बोलते?"

मी म्हणाले, "इंग्लिश."

आई, सुट्टीत वसईला आले तेव्हा मीच तुला दटावलं होतं, एलिशाशी आपली घरची कादोडी बोली बोलू नकोस, तिचं इंग्लिश बिघडेल. तू माझं ऐकलंस. आपल्याला तर कुणी मारलंही नव्हतं गं.

काल तिला कादोडीतून जेवायला हाक मारली. ती हसून म्हणाली, "ममा, यू साउंड लाइक ग्रॅनी!"

रविवारी फोन करते. तिला कळलं नाही तरी तू कादोडीतूनच बोलत राहा.

तुझी,
रुथ