तळं आणि काउंटर

सिस्टर, काल सुनेनं थालीपीठ लावलं आणि मला कुवेतला मंगफमधला आमचा फ्लॅट आठवला. शुक्रवारची सकाळ आहे, सुट्टीची. एसी घरघरतोय. आम्ही तिघी मराठी नर्सेस भाड्यानं राहतो त्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात तुम्ही ओट्याला टेकून उभ्या आहात आणि थालीपीठाचा तुकडा लोण्यात बुडवून म्हणताय, "माझ्या आईच्या मक्याच्या पावाची ही बहीणच दिसते." आमची हेड नर्स, अमेरिकन, आणि वर्णानं माझ्याहून काळी. तुम्ही आमच्या घरी आलात याचंच आम्हांला केवढं अप्रूप होतं.

त्याच आठवड्यात दवाखान्यात कुरबूर झाली होती. कंपनीच्या त्या दवाखान्यात जेवायच्या दोन खोल्या होत्या. खिडक्यांची, गार हवेची खोली गोऱ्या स्टाफची आणि मुदपाकखान्याला लागून असलेली आमची, हिंदुस्थानी लोकांची. दारावर पाटी नव्हती, पण कुणी चुकत नसे. तुमच्या पासपोर्टामुळे तुम्हांला खिडकीची खोली मिळाली होती आणि तुम्ही मात्र रोज ट्रे उचलून आमच्यात येऊन बसायचात. मॅट्रननं तुम्हांला बोलावून समज दिली होती. "काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं. तुम्ही हसलात. "'तुझी जागा तिथे नाही.' हेच मी विशीत ऐकलं होतं. तेव्हा फक्त खोली उलटी होती."

मग तुम्ही तुमच्या गावाची गोष्ट सांगितलीत. तिथलं मोठं दुकान काळ्या माणसांना कापड विकायचं, भांडी विकायचं, पण दुकानातल्या काउंटरवर बसून कॉफी प्यायची त्यांना बंदी होती. तुम्ही नर्सिंगच्या मुली आणि कॉलेजची मुलं चर्चच्या तळघरात जमून त्या काउंटरवर जाऊन बसायचा सराव करत होतात. निम्म्यांनी स्टुलावर बसायचं, उरलेल्यांनी शिव्या द्यायच्या, ढकलायचं, डोक्यावर साखर ओतायची. बसणाऱ्यानं हात उचलायचा नाही. "माझ्या केसांत साखर ओतणारा पोरगा पुढे माझा नवरा झाला," तुम्ही म्हणालात. "लग्नानंतरही त्याचा सराव सुटला नाही!" आम्ही पोट धरून हसलो. मग तुम्ही कॉलर जरा खाली ओढलीत. खऱ्या काउंटरवर कुणीतरी पाठीत गरम कॉफी ओतली होती, त्याचा डाग मानेखाली होता. पोलिसांनी उचलून नेलं ते तुम्हांलाच. तुमची आई एका गोऱ्या घरी स्वयंपाकाला होती. दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं. ती थेट तुरुंगाच्या दारात आली, इस्त्रीचा झगा घेऊन. म्हणाली, "उद्या परत बसायचं असेल तर मळक्या कपड्यात बसू नकोस." त्या साली ईस्टरच्या सणाला गावातल्या काळ्या वस्तीनं त्या दुकानातून चिंधीसुद्धा विकत घेतली नाही. शेवटी दुकानवाले नमले.

"मग कॉफी कशी होती?" मी विचारलं.

"पाणचट. आईनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. म्हणाली, ह्यासाठी माझी नोकरी गेली?"

सगळ्या हसल्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझे आजोबा तळ्याचं पाणी प्यायला गेले होते." बोलून गेले आणि जीभ चावली. माझी जात मी त्या घरात कधी सांगितली नव्हती. पण तुम्ही माझ्याकडे बघत होता, म्हणून पुढचंही सांगितलं. कोकणातलं ते तळं, जिथे गुरं पाणी प्यायची पण आमच्या माणसांना मनाई होती. आजोबा हजारोंच्या घोळक्यात उतरले, ओंजळभर पाणी प्याले. परतताना लाठ्या बसल्या आणि डावा हात जन्मभर वाकडा राहिला.

"पाणी कसं होतं?" तुम्ही विचारलंत.

"आजोबा म्हणायचे, पाण्यासारखंच होतं गं."

तुम्ही माझा हात हातात घेतलात. माझ्या मैत्रिणींपैकी एक पुण्याची, सदाशिव पेठेतली. तिच्याकडे बघायची मला छाती होईना. ती तव्यापाशी पाठमोरी उभी होती. तशीच म्हणाली, "भिजवलेलं पीठ संपलं बघ. पुढचं तू भिजव. मला अजून भूक आहे."

रविवारी मी ट्रे घेऊन खिडकीच्या खोलीत शिरले. कुणाला विचारलं नाही, तुम्हांलाही नाही. माझ्या पगारावर गावी दोन भावांची शिक्षणं चालली होती, कंत्राट संपायला वर्षच उरलं होतं. मॅट्रन जवळ येऊन म्हणाली, "सिस्टर, तुझं चुकलंय. तुमची खोली पलीकडे आहे." मी म्हटलं, "तिथे फार उकडतं, मॅडम." एवढंच सुचलं. तेवढ्यात तुम्ही आलात. मला वाटलं, आता तुम्ही माझ्या बाजूनं बोलणार. तुम्ही फक्त शेजारची खुर्ची ओढलीत, बसलात आणि माझ्याकडे मीठ मागितलंत. दुसऱ्या दिवशी पुण्याची आली, मग केरळच्या दोघी आल्या. उन्हाळा सरेपर्यंत त्या खोलीत खुर्च्या पुरेनाशा झाल्या आणि मुदपाकखान्याजवळच्या खोलीत तांदळाची पोती ठेवायला लागले.

माझं कंत्राट वाढलं, तुमचं वाढलं नाही. विमानतळावर मी रडत होते आणि तुम्ही मला दटावत होता, "रडतेस काय? मी घरी चाललेय, तुरुंगात नाही." पुढे तुमची पत्रं येत राहिली. मग एकदा तुमच्या बहिणीचं आलं, तुम्ही गेल्याचं. त्यालाही आता किती वर्षं झाली.

हे कुठे पाठवणार, आणि तिथे वाचणार कोण? आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं, जमेना. मराठीत घेतलं तर पहिल्याच ओळीला अडले. इंग्रजीत एका 'यू'मध्ये सगळं भागतं, इथे ठरवावं लागतं. वयानं मोठ्या, हुद्द्यानं मोठ्या, म्हणून 'तुम्ही' लिहिलं. पण खरं सांगू? त्या रविवारी शेजारची खुर्ची ओढून बसलीस ना, तेव्हापासून मनातल्या मनात मी तुला 'तू'च म्हणत आलेय.