जुन्या डिस्कवरचा आवाज

२ फेब्रुवारी

डिस्क सापडली! माळ्यावर नाही, कपाटात नाही – बाबांच्या हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली. बाबा म्हणाले, मीच जपून ठेवली होती. पान्यांच्या खाली जपून!

जुना लॅपटॉप कधीच भंगारात गेला, त्यातली हार्ड डिस्क तेवढी काढून ठेवलेली. आई आणि मावशी अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायच्या. ते सगळं हिच्यातच आहे. असलंच पाहिजे.

सतरा तारखेला आईचं ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार. त्यानंतर बोलायला शिकवणाऱ्या ज्या बाई आहेत, त्या म्हणाल्या, जुनं स्वच्छ रेकॉर्डिंग असेल तर त्यावरून टॅबलेटमध्ये तिचाच आवाज बसवता येतो. ती टाइप करणार, टॅबलेट बोलणार. आत्ताचा आवाज चालणार नाही, आत्ता नुसती घरघर आहे.

३ फेब्रुवारी

केसिंग आणलं. म्हणजे एक डबी – डिस्क आत बसवायची, वायर कॉम्प्युटरला जोडायची, झालं. झालं कसलं! डिस्कला पिनांच्या दोन रांगा आणि डबीत चपटी खाच. नव्या डिस्कसाठीची डबी आहे ती. बाबा म्हणाले, जरा दाबून बघू. हातातून काढूनच घेतली.

५ फेब्रुवारी

पिनांचं केसिंग आता कोण ठेवतं म्हणून दोन दुकानदार हसले. तिसऱ्याने खालच्या कप्प्यातून धुळीने माखलेलं काढून दिलं, तेही उपकार केल्यासारखं. स्क्रू इतके बारीक की एक खाली पडला तो पडलाच.

जोडलं. दिवा लागला. मग टक्... टक्... टक्. आणि गप्प. आई दारात उभी होती, तिने भुवया उडवून विचारलं. म्हटलं, वेळ लागतो जरा. खोटं बोलताना मला नेहमी खोकला येतो, तो आलाच.

६ फेब्रुवारी

दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याने डिस्कची टकटक फोनवरूनच ऐकून घेतली, छाती तपासल्यासारखी. म्हणाला, मेलेली नाही, उपाशी आहे. एका वायरीतून वीज पुरत नाहीये. दोन तोंडांची वायर आणा, दोन्ही तोंडं कॉम्प्युटरला खोचा. "आणि कॉम्प्युटर काहीही विचारू दे, हो म्हणायचं नाही."

८ फेब्रुवारी

फिरली!! एकसारखी गुरगुर. आणि लगेच स्क्रीनवर प्रश्न – ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? बाबांचा हात माउसवर. सगळं पुसायला निघाले होते! मी ओरडलेच. बाबा म्हणाले, इतकं नीट विचारतोय तो, म्हणून. मग दुपारभर पेपरमागे तोंड लपवून बसले. ओरडायला नको होतं. पण काय करणार.

आता आधी अख्ख्या डिस्कची नक्कल. नंतर जे काही करायचं ते नकलेवर, मूळ डिस्कला हात नाही.

९ फेब्रुवारी

नक्कल अजून चालूच. आई सारखी डोकावते. विचारलंन, "ताईचे पण धडे निघतील ना?" ताई म्हणजे मावशी. म्हटलं, तुझे निघू देत आधी.

१० फेब्रुवारी

निघाल्या! ढिगाने फाइली. पण नावं गेली, फोल्डर गेले, नुसते आकडे उरले. एक उघडली तर भूगोल, दुसरी उघडली तर बाबांच्या ऑफिसची सहल, तिसरीत अर्धाच इतिहास. पण आवाज काय खणखणीत! खुर्चीत बसून रडले. इतके दिवस आलं नव्हतं रडू.

मग डोक्यात आलं – हे वाचतंय कोण? आई की मावशी? दोघी धडे वाटून घ्यायच्या. आवाज असे सारखे की मावशीचा फोन आला तरी बाबा बायको समजून भाजी काय आणू विचारायचे. मावशी जाऊनही खूप वर्षं झाली. मला खरंच ओळखता येईना. पोटची मुलगी मी! लाज वाटली.

११ फेब्रुवारी

आईलाच हेडफोन दिले. डोळे मिटून ऐकत बसली. मग एकेक शब्द ओढत म्हणाली, "वाचताना चुकली की हसते, ती मी. टेबलावर टकटक करून परत सुरू करते, ती ताई."

मी चाट. आई हसायची? मला आठवते ती कपाळाला आठी घालून डबे भरणारी आई. खो खो हसणारी ती मावशी. म्हणजे मी इतकी वर्षं उलटंच धरून बसले होते? बाबांना विचारलं. म्हणाले, ती म्हणते तर तसंच असेल. हे उत्तर त्यांना कुठेही चालतं.

हसणाऱ्या फाइली वेगळ्या केल्या. पुष्कळ आहेत. ऐकत राहिले. अशी आई मला भेटायला हवी होती, फार वाटलं.

१३ फेब्रुवारी

टॅबलेटमध्ये आवाज बसवणाऱ्या बाईंना हसणं नको, नुसतं वाचन हवं. सगळं हसू कापून बाजूला ठेवलं, उरलेलं पाठवलं. पुरेल म्हणाल्या. सुटले!

१६ फेब्रुवारी

उद्या ऑपरेशन. संध्याकाळी आई बाबांशी बोलत बसली होती. मी त्यांच्या खोलीचं दार ओढून घेतलं. घरघर बराच वेळ येत होती.

१७ फेब्रुवारी

नीट पार पडलं.

२६ फेब्रुवारी

टॅबलेट आला. आईने पहिलं वाक्य टाइप केलं – "उशी जरा वर घे, मान अवघडली." त्या आवाजात! मी उशी हातात धरून तशीच उभी. बाबा उठून खिडकीशी गेले. आईच तेवढी शांत.

२८ फेब्रुवारी

आई दिवसभर टाइप करते. आमच्याशी कमीच. टॅबलेट कानाशी धरते, आवाज बारीक करते आणि ऐकते. सराव करत असेल.

२ मार्च

आईला म्हटलं, टकटकीच्या फाइलीपण नीट लावून ठेवते, मावशीची आठवण म्हणून. तिने टॅबलेट पुढे ओढला. सावकाश टाइप केलं.

"त्या माझ्या आहेत. हसायची ती ताई. मला तुम्ही सगळ्यांनी पोटभर ऐकलंय. मला ताईला ऐकायचं होतं."