तात्यासाहेबांच्या गाडीचा रंग

२ ऑक्टोबर १९९८, शुक्रवार. सुट्टी.
सासऱ्यांची गाडी शेवटी माझ्या ताब्यात आली. १९६२ ची स्टेशन वॅगन. लांबलचक, मागं मोठमोठ्या काचा. वीस वर्षं देवगाव रंगारीला कापसाच्या खोलीत सडत होती. काल ट्रॅक्टरला बांधून पडेगावला गयास मिस्त्रीच्या गॅरेजात आणली. इंजिनाचं तो बघेल. रंग, सीट, पडदे, आतलं-बाहेरचं सगळं मी ठरवणार. तसं त्याला बजावलंय.

२० डिसेंबरला तात्यासाहेबांचं सहस्रचंद्रदर्शन. त्या दिवशी याच गाडीतून त्यांना गावभर मिरवायचं. पसंत पडली तर तिथंच सही करून माझ्या नावावर करतो म्हणालेत. नाही पडली तर बन्सीला. बन्सी म्हणजे माझा मेव्हणा. त्याला बॉनेट कुठल्या बाजूला असतं तेसुद्धा माहीत नसेल.

सत्तावीस वर्षं जावई आहे मी. म्हाताऱ्यानं एकदा चार माणसांत 'छान केलं' म्हटलेलं नाही. आता म्हणायला लावतो.

५ ऑक्टोबर
मिस्त्रीनं दाराच्या बिजागरीपाशी ब्लेडनं खरवडून जुने थर दाखवले. सगळ्यात खाली बदामी. म्हणतो, साहेब, असली रंग यहीच है. बदामी मारू, खाली चॉकलेटी पट्टा, बडे मियाँ खूश होतील. म्हटलं, सासरा माझा आहे का तुझा? तीस वर्षं शेरे मारलेत मी फायलींवर, मला रंग शिकवतो.

१२ ऑक्टोबर
शेडकार्ड ऑफिसात नेलं. ट्यूबलाइटखाली चौसष्ट शेड तपासल्या. पेंडिंग फायली राहिल्या, राहू देत. बदामी: मळकट. मोरपंखी: लग्नाच्या बँडवाल्यांचा. अंजिरी: नको, साळूबाईंच्या स्वेटरचा रंग. (साळूबाई म्हणजे आमच्या आवक-जावक क्लार्क. तीन वर्षं माझ्याशी बोलत नाहीत.)
पांढरा फायनल. शुद्ध पांढरा. तात्यासाहेबांचा फेटा पांढरा, धोतर पांढरं. मॅचिंग.

१५ ऑक्टोबर
मिस्त्री म्हणतो, डब्याच्या झाकणावर एक हात मारून दुपारच्या उन्हात बघा, मग संध्याकाळी बघा, मग ठरवा. नुसता वेळकाढूपणा. लेखी मंजुरी देऊन टाकली, तारखेसह. खाली त्याची सही घेतली. सही करता करता म्हणतो, महापालिकेची एक गाडी मीच रंगवली होती, अगदी अशीच पांढरी, लेकिन साहेब वो तो... तिथंच तोडला त्याला. महापालिकेला जो रंग चालतो तो आपल्याला न चालायला काय झालं?

८ नोव्हेंबर, रविवार
रंग झाला. डोळे दिपतात! सौ.ला दाखवायला नेलं. म्हणाली, लई पांढरीफटक दिसतीय, बघवत नाही. वडील तिचे, आणि कौतुक म्हणून नाही. तरी मी ऐकून घेणारा माणूस आहे. चारी बाजूंनी बारीक काळी पट्टी मारायला सांगितली. आता रुबाब आला.

१५ नोव्हेंबर
आज खरी अक्कल चालवली. तात्यासाहेबांचे गुडघे वाकत नाहीत. सीटवर बसणार कसे? मागची सीटच काढून टाकली. तिथं लांब, सपाट गादी. पाय पसरा, वाटलं तर आडवे व्हा. दोन्ही अंगांना धरायला स्टीलचे दांडे. मागचं दार पूर्ण उघडतं, म्हणजे उचलून आत ठेवलं तरी चालतंय. बन्सीला सात जन्मांत सुचणार नाही.

२१ नोव्हेंबर
शहागंज. फारूख सीटकव्हरवाला मरून रंगाचं रेक्झिन आणि मरून पडदे गळ्यात मारत होता. म्हटलं, पांढरं सॅटिन काढ. गादीचं माप सांगितलं, सहा फूट बाय अडीच. त्यानं हळूच विचारलं, घरी सब खैरियत? म्हटलं, सासरे ऐंशीचे झाले, त्यांच्यासाठीच सगळी तयारी चाललीय. तो उठून उभाच राहिला. चहा मागवला, डोळे मिटून काहीतरी दुवा पुटपुटला. शहरात एवढाच एक माणूस मला इज्जत देतो.

१३ डिसेंबर
पडदे लागले. बन्सी बघायला आला. आत डोकावला आणि टायरवर बसून हसत सुटला. विचारलं तर सांगेना, नुसता हात हलवतो. जळतोय, दुसरं काय. सौ. म्हणाली, मी ह्या गाडीत बसणार नाही, जिवंतपणी तर नाहीच, मी एस.टी.नं जाईन. भावा-बहिणीचा कट दिसतोय सगळा. मिस्त्रीनं पुन्हा तोंड उघडलं. त्याला मंजुरीचा कागद दाखवला.

२० डिसेंबर, पहाटे ५.४०
गाडी धुतली. बॉनेटवर झेंडूचा हार, टपावर चार, मागच्या काचेवर एक. डॅशबोर्डवर अगरबत्ती. निघतोय. आज दाखवतो एकेकाला.

२१ डिसेंबर
सगळं लिहून ठेवतो. दोष कुणाचा ते मागाहून कळलं पाहिजे.
रस्ताभर मान मिळाला. पडेगावच्या नाक्यावर ट्रकवाल्यानं स्वतःहून साइड दिली. दौलताबादच्या वेशीत एवढी गर्दी, पण लोक आपोआप बाजूला झाले. हॉटेलातले उठून उभे राहिले, कितीतरी जणांनी हात जोडले. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. मीही हसून हात हलवत होतो. ते जरा चमकून बघायचे, पण खेड्यातली माणसं बुजरीच.

देवगावात शिरलो तर मांडवातला सनई-चौघडा बंद पडला. तात्यासाहेबांची थोरली बहीण भागूबाई दारात बसली होती. तिनं लांबूनच गाडी बघितली आणि माझ्या भावाला कुठं न्यायला आले गं बाई म्हणून जो हंबरडा फोडला, त्यासरशी आतल्या सगळ्या बाया रडायला लागल्या. आचारी कढई सोडून पळत आले. तेवढ्यात तात्यासाहेब काठी टेकत बाहेर आले. गाडी पुढून बघितली, मागून बघितली, आतली गादी बघितली. मला विचारलं, कोण गेलं?
मी म्हटलं, कुणी नाही तात्यासाहेब, ही तुमच्यासाठीच आणली.

बन्सी तोंडात उपरणं कोंबून मांडवामागं गेला. मला तिथंच, त्या क्षणी, पहिल्यांदा ती गाडी उन्हात दिसली. हा मिस्त्री इतका आतल्या गाठीचा असेल असं वाटलं नव्हतं. सरळ सांगायला काय झालं होतं त्याला?

मिरवणूक बैलगाडीतून निघाली. मी चालत होतो, सगळ्यात मागं. लाज वाटली. खोटं कशाला लिहू, फार लाज वाटली.

२७ डिसेंबर, रविवार
सरपंच पुंजारामनं परवा गाडीसाठी अर्ज केला. लांबच्या वस्त्यांवरून माणूस स्मशानात न्यायचा तर ट्रॅक्टरवर हिंदकळत न्यावा लागतो म्हणे. तात्यासाहेबांनी आज मारुतीच्या पारावर, पंच बोलावून, गाडी ग्रामपंचायतीला देऊन टाकली. मलाही बोलावलं होतं. सही करून काठीवर उभे राहिले आणि गावासमोर म्हणाले, आमच्या जावईबापूंनी छान केलं. रंग, गादी, दांडे, कुठंच बोट ठेवायला जागा नाही. टाळ्या पडल्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आपली घाई नाही, पण गादी मऊ आहे.
मला रडू आलं. कशानं ते माहीत नाही.

२९ डिसेंबर
पुंजारामचा ऑफिसात फोन. लांबच्या वस्तीवरच्या सांडूची आई गेली. जुने गिअर गावात कुणाला जमत नाहीत, तेव्हा ड्रायव्हर मिळेपर्यंत मीच यावं असं पंचायतीनं ठरवलंय. उद्याची किरकोळ रजा टाकली. नऊच्या आत पोचायचंय, आणि गाडी चालवताना हसू नका, असा तात्यासाहेबांचा निरोप आहे.