कोरं रक्त

१२ सप्टेंबर
धरणगावहून रक्ताच्या बारा नळ्या जळगावला, लॅबमध्ये पोचवल्या. बर्फाच्या पेटीत. समाधानभाऊच म्हणाला, "नुसता हिंडतोस, हे तरी कर." भाऊ लोकांच्या कपाशीवर फवारतो. जेवताना हात थरथरतो त्याचा. रक्तात फवारणीचं औषध निघालं तर पंप सोडीन — वहिनीला शब्द दिलाय. त्याची नळी सातवी.
पाळधीला भरिताचा वास आला. बर्फ वितळेल म्हणून उतरलो नाही. कॅनमधलं पाणी प्यायलो. माझ्या मानाने एवढी शिस्त फारच.

१३ सप्टेंबर
लॅबच्या हेमांगी मॅडमनी बसू दिलं. रक्त गरगर फिरवतात, वरचं पिवळं पाणी घेतात. त्यात एक द्रव घालून हलवलं की औषध त्या द्रवात उतरतं. ते मशीनला पाजायचं — पडद्यावर शिखर उठतं. पण किती उंच म्हणजे किती औषध?
मॅडम म्हणाल्या, "आधी औषध नसलेलं, कोरं रक्त घ्यायचं. त्यात आपण मोजून औषध घालायचं. ते शिखर आपलं माप."
मी म्हटलं, असं रक्त आणायचं कुठून? आमच्याकडे बठ्ठेच, झाडून सगळे, फवारतात.
"तुम्ही?"
कधीच नाही. दोन वर्षं तर मी नर्मदेकाठीच भटकत होतो. जूनमध्ये आलो.
"मग सही करा आणि हात पुढे करा."
न केलेल्या कामाचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

१४ सप्टेंबर
घरी सांगितलं. भाऊ म्हणे, "तू काय मनं माप शे?" मी म्हणे त्याचं माप! वहिनी पोरीला मांडीवर घेऊन हसत सुटली. "आळशी बी कामले उना." आलो खरा कामाला.

१५ सप्टेंबर
परत जळगाव. मेहरुण तलावावर बदकं मोजली. मध्येच विसरलो.

१६ सप्टेंबर
मॅडमनी बोलावून घेतलं. माझ्या रक्तात आधीच शिखर आहे. काही घालायच्या आत. तीनदा लावून बघितलं त्यांनी. कोरं मापच नाही, म्हणून भाऊचा निकालही अडला.
शेतात झोपता? नाही. खाता काय? मिळेल ते. पाणी?
खांद्यावरची पांढरी कॅन दाखवली. औषधाचीच, रिकामी. झाकण घट्ट बसतं, हिंडायला बरी. आलो तेव्हा वहिनीनं राखेनं घासून, तीन दिवस उन्हात ठेवून दिलेली.
मॅडमनी ती हातात घेतली नाही. पिशवी उघडून पुढे धरली.

त्याच दिवशी, बसस्टँड
वहिनीनं तशा दोन कॅन घासल्या होत्या. दुसरी घरी आहे. तिच्यातलंच पाणी उकळून पोरीला पाजते.
घरी फोन उचलत नाहीत. पुढची गाडी अकराला.