एकेका पेशीची रेघ

लिव्हरपूल, ७ नोव्हेंबर १९८८

ती. बाबांना नेस्ताचा शि. सा. न.

तुम्ही पाठवलेला बरा ब्रिथ, आपला तो मनुकांचा पाव, पोचला. अर्धा मी खाल्ला, उरलेला प्रयोगशाळेने फस्त केला. तब्येत ठणठणीत, डोकं मात्र तापलंय.

दिवसभर करतेस काय, असं विचारता. रोज सकाळी उंदराच्या स्वादुपिंडातून ताज्या पेशी काढते. संध्याकाळपर्यंत त्या मरतात. अन्न पचवणारी विकरं त्या एका टोकाशी इवल्या पुड्यांत साठवतात. जेवणाचा निरोप आला की पेशीत कॅल्शियम वाढतं आणि पुड्या बाहेर रिकाम्या होतात. कॅल्शियम वाढलं की उजळणारा रंग मी आत भरते. निरोप हलका असेल तर फक्त ते टोक उजळतं, विझतं, पुन्हा उजळतं.

आमचे हॅलम सर म्हणतात, हा नुसता खरखराट आहे, सरासरी काढून छाप. प्रत्येक पेशीची वेळ निराळी, त्यामुळे सरासरीत एक गुळगुळीत चढलेली रेघ उरते. पण कॅल्शियम असं सगळीकडे चढूनच राहिलं, तर विकरं आतच जागी होतात आणि पेशी स्वतःलाच पचवते. ते तर दुखणं! निरोगी पेशीच्या नावावर ते छापायचं? लेखावर सही केली नाही तर मार्चनंतर नोकरी नाही, असं सरांनी बजावलंय. मी नाही करणार.

तुमची हट्टी,
नेस्ता

बाला, १५ नोव्हेंबर

चि. नेस्ताला आशीर्वाद.

एडक्यांच्या छातीला रंग फासून त्यांना कळपात सोडलंय, म्हणजे कोणती मेंढी लागली ते तिच्या पाठीवरच्या रंगावरून कळतं. तू पेशी रंगवतेस, मी एडके, घराणं एकच. माझ्या चारशे मेंढ्यांची सरासरी काढली तर एकही मेंढी दगडी बांध ओलांडत नाही, तरी पडलेले दगड रोज मीच रचतो. म्हणून तुझं म्हणणं मला पटतं.

तरीही सही करून टाक, बाळ. आठ वर्षं शिकलीस, एका रेघेपायी घरी बसू नकोस. तुझ्या आईनेही हेच सांगितलं असतं, असं लिहिणार होतो. पण ती तसं म्हणाली नसती.

काळजीत असलेला,
बाबा

लिव्हरपूल, २ डिसेंबर

ती. बाबांना सा. न.

रागावू नका. मी सरांनाच सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. पहिली पेशी पाहून म्हणाले, ही आजारी आहे. मी दुसरी लावली, मग तिसरी. नऊ झाल्या, नऊही तशाच उजळल्या-विझल्या. सर उठले आणि म्हणाले, आता या नऊंची सरासरी काढ.

मी लेखावरून नाव काढून घेतलं. मार्चपर्यंत रोज नव्या पेशी काढीन आणि एकेकीची रेघ वेगळी ठेवीन. मग दुसरी दारं ठोठावीन. मेंढ्या राखायला मात्र येणार नाही.

माया पातळ होऊ देऊ नका.
नेस्ता

बाला, १२ जून १९८९

चि. नेस्ताला अनेक आशीर्वाद.

तुला अजून काम मिळालं नाही, हे तू लपवलंस तरी मला कळतं. सही कर म्हणालो, ती माझी चूक झाली.

काल गावच्या वाचनालयात तुमच्या सरांचा तो लेख छापलेला अंक आला. मीच मागवला होता. ग्रंथपालबाईंनी लेखावरची चारही नावं दोनदा वाचली, तुझं सापडेना. बिचारी ओशाळली, चुकीचा अंक आला म्हणाली. मी सांगितलं, अंक बरोबर आहे, तो दर्शनी टेबलावर ठेवा. आता येईल त्याला ती गुळगुळीत रेघ दाखवतो आणि सांगतो, हिच्याखाली माझ्या मुलीने नाव घातलं नाही.

तुझा,
बाबा