निष्काळजी घोडेमालक परत मिळणेबाबत

प्रति,
मा. पागा अधीक्षक,
नागरी सामाईक पागा विभाग,
नगर कार्यालय, दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

विषय : अर्जदाराच्याच तक्रारीवरून सामाईक पागेतून काढलेले तीन निष्काळजी घोडेमालक त्यांच्या घोड्यांसह परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे अर्ज क्र. १ ते ४१ (पैकी क्र. ७ गहाळ, कारण परिच्छेद २ मध्ये).
२) आपला एका ओळीचा आदेश : 'अर्ज क्र. ४१ मंजूर. तिघांनी आठ दिवसांत जागा सोडावी.'

महोदय,

१. अर्जदार ही शस्त्रक्रिया विभागाची निवृत्त मुख्य परिचारिका आहे. चौतीस वर्षांच्या नोकरीत तिच्या वॉर्डात एकही चादर सुरकुतलेली किंवा एकही नातेवाईक खाटेवर टेकलेला कोणी पाहिला नाही. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी तिला घड्याळ दिले आणि दुसऱ्या दिवशी तिने घोडी घेतली. ही तिची लहानपणापासूनची हौस होती. वयाबरोबर ती ओसरेल अशी तिच्या यजमानांची समजूत होती, ती खोटी ठरली. घोडी तांबडी, बुटकी आणि अंगाने भरलेली असल्यामुळे तिचे नाव ठमी ठेवण्यात आले. आपल्या विभागाच्या पागेतील चार ठाणांपैकी पहिले ठाण ठमीला मिळाले. उरलेल्या तीन ठाणांत अनुक्रमे दंतवैद्य, बेकरीवाले आणि गायनशिक्षिका यांचे घोडे होते. येथून अर्जदाराच्या त्रासाला सुरुवात झाली.

२. दंतवैद्य हे सज्जन गृहस्थ आहेत, परंतु फाटकातून आत आल्यावर मागे फाटक असते याची त्यांना आठवण राहत नाही. त्यांनी उघड्या टाकलेल्या फाटकातून ठमी एकूण नऊ वेळा बाहेर पडली. पाचव्या वेळी ती थेट आपल्या कार्यालयात आली आणि आवक खिडकीसमोरच्या रांगेत उभी राहिली. तिच्या मागे उभ्या असलेल्यांनी अर्जदारास नंतर सांगितले की तिने कोणालाही ढकलले नाही. तिचा नंबर लागल्यावर कारकुनांनी मान वर न करता 'कागद पूर्ण आणा' असे सांगितले. त्यावर ठमीने खिडकीतील ट्रेमधला सर्वांत वरचा कागद खाल्ला. तो अर्जदाराचा अर्ज क्र. ७ होता. विषय, फाटक उघडे राहणेबाबत.

३. गायनशिक्षिका या वस्तू उसन्या नेतात. उसन्या म्हणण्याचे कारण इतकेच की त्या चोरी करणाऱ्या नव्हेत, हे अर्जदार शपथेवर सांगेल. खरारा करायचा ब्रश, खूर कोरायची आकडी, बादल्या, दोन घोंगड्या आणि एकदा अर्जदाराचा चष्मा, असे सर्व त्यांच्याकडे गेले. मागायला गेल्यावर त्या इतक्या मनापासून दिलगिरी व्यक्त करतात, की मागणाऱ्यालाच आपण कंजूस असल्यासारखे वाटते. परत येताना हातात वस्तू नसते, हे पागेबाहेर आल्यावर लक्षात येते.

बेकरीवाल्यांचा स्वभाव याच्या उलट. ते नेत नाहीत, देतात. आदल्या दिवशीचे उरलेले पाव ते पोत्यात भरून आणत आणि चारही घोड्यांना सारखे वाटत. घोड्याच्या पोटाला पाव सोसत नाही असे अर्जदाराने सांगितले, की ते म्हणत, "बाई, हे ताजेच आहेत, कालचेच."

४. या परिस्थितीत अर्जदाराने हात बांधून न बसता उपाय केले. तिने वेळापत्रक लावले. ते गायनशिक्षिकेच्या शिंगराने खाल्ले. मग तिने वेळापत्रकाला पुठ्ठा लावला, तर शिंगराला पुठ्ठा अधिक आवडला. तिने दर शनिवारी पाहणी फेरी सुरू केली, जशी ती वॉर्डात घेत असे. तिघेही आपापल्या ठाणासमोर ओळीने उभे राहत, मान डोलवत आणि रविवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अशातच अर्जदार तीन आठवडे बहिणीकडे गेली. परत आल्यावर असे निदर्शनास आले की दंतवैद्य तिन्ही रविवारी स्वतःचा घोडा समजून ठमीवर बसून फिरून आले होते. दंतवैद्यांचा घोडा काळा असून ठमीहून हातभर उंच आहे, आणि तो घोडा आहे. दंतवैद्यांनी प्रथम हे मान्य केले नाही. आपण कोणालाही दातांवरून ओळखतो असे सांगून त्यांनी ठमीचे तोंड उघडले, बराच वेळ आत पाहिले आणि म्हणाले, "मागची दाढ माझ्याच घोड्याची वाटते." मग शेजारून काळ्या घोड्याने त्यांच्या टोपीला तोंड घातले, तेव्हा ते ओशाळले.

यावर अर्जदाराने प्रसूतिगृहात बाळांना बांधतात तशा ओळखपट्ट्या चारही घोड्यांच्या पायांत बांधल्या. दुसऱ्या दिवशी ठमीच्या पायात शिंगराची पट्टी होती. चौकशीअंती गायनशिक्षिकेने सांगितले की ठमीच्या पट्टीचा निळा रंग आपल्या शिंगराला जास्त खुलतो.

५. आता अर्जदार मुद्द्याच्या प्रसंगाकडे येते. गेल्या महिन्यात एका गुरुवारी सकाळी अकरा वाजता ठमी ठाणात आडवी पडलेली आढळली. ती पोटाकडे वळून पाहत होती आणि घामाने भिजली होती. गव्हाणीत पावाचा चुरा होता. घोड्याला पोटशूळ झाला की त्याला पडू द्यायचे नसते, चालवत ठेवायचे असते. नाहीतर आतडे पिळवटते आणि मग इलाज राहत नाही. पशुवैद्य गावाबाहेर होते. फोनवर त्यांनी एवढेच सांगितले, की चालवा आणि लीद पडते का ते पाहा.

अर्जदाराने ठमीला उठवले आणि पटांगणात चालवू लागली. निरोप कळताच बेकरीवाले भट्टी तशीच सोडून आले आणि ठमीच्या दुसऱ्या बाजूने चालू लागले. चालता चालता ते पिठाने भरलेल्या सदऱ्याला डोळे पुसत होते. दंतवैद्य एका रुग्णाला तोंड उघडे ठेवायला सांगून, 'आलोच' म्हणून आले होते. गायनशिक्षिका अर्जदाराच्या दोन्ही घोंगड्या घेऊन आल्या, त्या ठमीच्या पाठीवर टाकल्या आणि तिच्या कानाशी हळू आवाजात गात राहिल्या. असे पाच तास चौघे चालले. चार वाजून दहा मिनिटांनी ठमीने लीद टाकली. वॉर्डात एवढ्या मोठ्या शस्त्रक्रिया पाहिलेल्या अर्जदाराने त्या लिदीसमोर जमिनीवर बसकण मारली. उरलेल्या तिघांनी टाळ्या वाजवल्या.

आणि त्याच संध्याकाळी घरी जाऊन अर्जदाराने अर्ज क्र. ४१ लिहिला. मनातली भीती ओसरली की तिच्या जागी राग येतो, हे तिने रुग्णांच्या नातेवाइकांत हजारदा पाहिले होते, पण स्वतःत ओळखले नाही. त्या अर्जात तिने तिघांना 'प्राण्यांच्या जिवाला धोका' असे म्हटले. पाच तासांच्या चालण्याचा उल्लेख केला नाही.

६. चाळीस अर्जांना आपल्याकडून उत्तर आले नव्हते. एकेचाळिसाव्याला आठवड्यात आले. याबद्दल अर्जदार आपली आभारी असून, हे आभार कसे मानावेत हे तिला समजलेले नाही.

तिघे भांडले नाहीत. बेकरीवाल्यांनी आपला करडा घोडा बेकरीमागच्या शेडमध्ये नेला. गायनशिक्षिकेने शिंगरू घराच्या मागच्या अंगणात बांधले आणि अर्जदाराच्या अकरा वस्तू परत केल्या. पैकी चार अर्जदाराच्या नव्हत्या. दंतवैद्य काळा घोडा घेऊन सासऱ्यांच्या मळ्यावर गेले. जाताना त्यांनी आयुष्यात प्रथमच फाटकाची कडी नीट लावली, बाहेरून. अर्जदार आत होती. तिला दूधवाला येईपर्यंत दीड तास थांबावे लागले.

७. त्यानंतर पागा अशी झाली, जशी अर्जदाराला हवी होती. ब्रश खिळ्याला, बादल्या ओळीने, पेंढा कडेला कापल्यासारखा सरळ. पहिले तीन दिवस ती दारात उभी राहून नुसती पाहत असे. चौथ्या दिवशी ठमीने चंदीचा दाणा निम्मा टाकला. पाचव्या दिवशी तोंड लावले नाही. अर्जदाराने तक्ता केला, तापमान, श्वास, नाडी, सर्व ठीक. ठमी रिकाम्या ठाणांकडे तोंड करून उभी राहत असे आणि अधूनमधून एकदाच खिंकाळून कान टवकारून थांबत असे.

अर्जदाराने जे केले ते लिहिताना तिला संकोच वाटतो, परंतु दप्तरी पूर्ण माहिती असावी. तिने फाटक मुद्दाम उघडे ठेवले. ठमी बाहेर गेली नाही. तिने ब्रश आणि बादल्या इकडेतिकडे फेकून ठेवल्या. तिने गायनशिक्षिकेसारखे गाऊन पाहिले, तेव्हा ठमीने पाठ फिरवली. शेवटी तिने यजमानांना घोंगडी पांघरून शेजारच्या ठाणात रोज दोन तास उभे केले. यजमानांनी संसारात अर्जदाराचे सर्व ऐकले आहे, हेही ऐकले. ठमीने त्यांना एकदा हुंगले. तिसऱ्या दिवशी ते घरी येऊन म्हणाले, "अगं, मला वाटतं तिला कळलंय, मी घोडा नाही."

पशुवैद्य आले. त्यांनी अर्धा तास तपासले, रिकामी ठाणे पाहिली आणि हात धुता धुता म्हणाले, "बाई, हिला रोग नाही. हिला शेजार नाही. घोडं कळपातलं जनावर आहे. असंच राहिलं तर आठवडाभरात हातची जाईल."

८. काल सकाळी अर्जदाराने ठमीला दोर लावून बाहेर काढले. कुठे न्यायचे हे ठरले नव्हते. ठमीचे ठरले होते. ती बाजाराची गल्ली, शिंप्याचे दुकान, छापखाना ओलांडून बेकरीच्या मागे गेली आणि शेडच्या दारात उभी राहिली. आत करडा घोडा होता. त्याने मान वर केली, ठमीने आपली मान त्याच्या मानेवर टाकली आणि दोघेही बराच वेळ हलले नाहीत. मग ठमीने त्याच्या गव्हाणीत तोंड घातले.

बेकरीवाले पाठीमागच्या दाराने बाहेर आले आणि अर्जदाराला पाहून जागीच थांबले. हातातला ट्रे त्यांनी घाईघाईने पाठीमागे धरला. "बाई, आता याला पाव देत नाही हो. त्या दिवसापासून एकही दिला नाही."

अर्जदाराचे लक्ष गव्हाणीकडे होते. घोडी खात असल्याचा आवाज येत होता आणि तिला तो पुरा ऐकायचा होता. बेकरीवाल्यांनी ट्रे खाली ठेवून विचारले, "तुम्ही काही खाल्लंत का?"

हा प्रश्न अर्जदाराला बऱ्याच दिवसांत कोणी विचारला नव्हता, कारण यजमान त्या वेळी ठाणात असत. तिने आठवून पाहिले. परवा दुपारपासून काही खाल्ले नव्हते. बेकरीवाल्यांनी मैद्याचे पोते झटकून तिला बसायला दिले. तिने दोन पाव खाल्ले. कालचे होते. चांगले होते.

९. सबब, अर्जदाराची विनंती पुढीलप्रमाणे आहे. अर्ज क्र. ४१ वरील आदेश रद्द करावा. दंतवैद्य, बेकरीवाले आणि गायनशिक्षिका यांना त्यांची पूर्वीची ठाणे परत द्यावीत. त्यांच्याकडून सुधारणेचे कोणतेही हमीपत्र घेऊ नये, कारण ते देतील आणि पाळणार नाहीत, आणि मग अर्जदारास अर्ज क्र. ४३ लिहावा लागेल. पूर्वीच्या अर्जांतील एकही शब्द खोटा नाही, तो मागे घेण्यात येत नाही. फक्त त्यावर कार्यवाही करू नये.

ठमी बेकरीमागून हलायला तयार नसल्यामुळे हा अर्ज तेथेच, पोत्यावर बसून लिहिला आहे. अक्षरावर पीठ असल्यास झटकावे. उत्तरही याच पत्त्यावर पाठवावे.

तक्रार खरी असूनही तिची सुनावणी नको असलेली,
आपली नम्र,
(सही)
निवृत्त मुख्य परिचारिका, ठाण क्र. १
दिनांक : १९ नोव्हेंबर

सोबत :
१) पशुवैद्यांचा दाखला. निदान : 'शेजाराचा अभाव.'
२) ठमीचा चौदा दिवसांचा तक्ता. शेवटच्या रकान्यात 'खाल्ले' असे दोनदा लिहिले आहे, ती चूक नाही.
३) बेकरीवाल्यांचे संमतीपत्र.
४) गायनशिक्षिकेचे संमतीपत्र. हे अर्जदाराच्या पेनाने लिहिले असून पेन त्यांच्याकडेच आहे.
५) दंतवैद्यांचे संमतीपत्र. त्यांनी सही संमती देणाऱ्याच्या रकान्यात न करता खाली, 'मंजूर, पागा अधीक्षक' असे जेथे छापले आहे, तेथे केली आहे. अर्जदाराने ती तीनदा पाहिली. खोडलेली नाही. सबब, घोडे सोमवारी सकाळी येत आहेत.